सातव्या रांगेतला हशा

"आपण आधी असं धरून चालायचं, मास्तरकाका, की तुमच्यामुळे काहीच फरक पडत नाही."

मालकांची पुतणी हे इतक्या लाघवी आवाजात म्हणाली की हशामास्तरांनी सवयीने मान डोलावली. डोलावून झाल्यावर अर्थ डोक्यात शिरला. मग त्यांनी मालकांकडे पाहिलं, भिंतीवरच्या जुन्या पोस्टरांकडे पाहिलं आणि शेवटी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. कोणीही मदतीला आलं नाही.

"काहीच?" त्यांनी विचारलं.

"काहीच. शून्य. मग पुरावा गोळा करायचा. हे शून्य खरं धरलं तर असा पुरावा सहसा दिसूच नये, असं निघालं तर शून्य फेकून द्यायचं. ह्याला शून्य गृहीतक म्हणतात."

"आणि फेकता नाही आलं तर?"

"तर नाही फेकायचं."

"म्हणजे मी शून्य?"

"तसंही नाही," ती म्हणाली, आणि पुढे अख्खा हंगाम मास्तरांच्या डोक्यात जो गोंधळ चालला त्याची तिसरी घंटा ह्या दोन शब्दांनी वाजली.

हशामास्तर म्हणजे त्या नाट्यगृहातले पगारी हसणारे. सातवी रांग, मधल्या वाटेलगतची खुर्ची, अंगात तपकिरी कोट, डोक्यावर टोपी. फार्स लागला की पडदा उघडण्याआधी ते साध्या प्रेक्षकासारखे येऊन बसत आणि वेळ आली की हसत. हे सोपं वाटत असेल त्याने एकदा करून बघावं. क्षणभर आधी हसलात तर शेजारचा वळून बघतो, क्षणभर उशीर झाला तर हशा जमिनीवर पडून फुटतो. मास्तरांकडे तीन नग होते. पहिला नाकातून निसटल्यासारखा, खरं तर हसायचं नव्हतं बुवा, असा. दुसरा घशातला, शेजाऱ्याला कोपराने ढोसणारा. आणि तिसरा थेट बेंबीच्या देठापासून, तो मात्र दुसऱ्या अंकासाठी राखीव. तो सुटला की मागच्या रांगांपर्यंत खुर्च्या करकरत.

तरुणपणी ते असेच तिकीट काढून एका पडत्या फार्सला आले होते. नाट्यगृहात जेमतेम चार टाळकी. नट बिचारे विहिरीत बोलल्यासारखे बोलत होते. ह्या गृहस्थांना काय सापडलं कोण जाणे, पण ते हसले, मग पलीकडची बाई हसली, मग तिचा नवरा, आणि पाहता पाहता प्रयोग उठून उभा राहिला. पडदा पडल्यावर आताच्या मालकांच्या वडिलांनी त्यांची बाही धरली ती सोडलीच नाही. कपडेपटात शिवणकाम करणारी मुलगी बाहीचं उसवलेलं शिवून द्यायला आली. तीही पुढे सुटली नाही, तिच्याशीच त्यांनी लग्न केलं.

आता थोरले मालक गेले होते आणि धाकटे हिशोबी डोक्याचे होते. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागे. "विनोद चांगला असेल तर लोक हसतील, नसेल तर नाही हसणार. मास्तर हसले म्हणून कोण कशाला हसेल?" असं तो म्हणे. ह्या हंगामानंतर मास्तरांनी घरी आराम करावा असं त्याने जवळजवळ ठरवलंच होतं. तेवढ्यात पुतणी कॉलेजच्या सुट्टीत आली. संख्याशास्त्र शिकत होती. लहानपणी ह्याच मास्तरांच्या मांडीवर बसून तिने निम्मी नाटकं पाहिलेली. ती म्हणाली, "काका, अंदाजाने कोणाला घरी बसवू नका. तपासून बघा."

म्हणजे वाचवायला आली होती ती. आणि वाचवण्याची सुरुवात मास्तरांना शून्य करून!

पण मास्तरांना खरं छळत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं ते हसले ते हशा येण्याच्या किंचित आधी. आता प्रश्न असा, की ते हसल्यामुळे हशा येत होता, की येणारा हशा त्यांना इतरांच्या आधी लागत होता? पाऊस येणार हे काहींच्या गुडघ्यांना आधी कळतं, पण म्हणून गुडघे पाऊस पाडत नाहीत. हा विचार त्यांच्या मनात पूर्वी कधी आला नव्हता. पोरीच्या एका वाक्याने आला आणि पाहुण्यासारखा बसूनच राहिला.

चाचणीचे नियम तिने घालून दिले. दर प्रयोगाआधी टोपीतून एक चिठ्ठी निघेल. चिठ्ठीवर "आत" असेल तर मास्तर खुर्चीत. "बाहेर" असेल तर खुर्ची रिकामी आणि मास्तर इमारतीबाहेर. हशे मोजायला तिची एक मैत्रीण वर दिव्यांच्या खोलीत बसेल. तिथून सातवी रांग दिसत नाही, त्यामुळे आज कोणती चिठ्ठी निघाली हे तिला कळणार नाही. नटांनाही सांगायचं नाही.

"पण चिठ्ठ्या कशाला?" मास्तरांनी विचारलं. "मी आपला एक दिवसाआड येतो की."

"नको. शनिवारी तसंही लोक जास्त हसतात. तुम्ही नेमके शनिवारी आत असाल तर श्रेय शनिवारचं, कौतुक तुमचं. चिठ्ठीला शनिवार कळत नाही."

हे मात्र मास्तरांना पटलं. शनिवारचं श्रेय लाटणारे नट त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

हंगाम सुरू झाला. "आत" निघालं की मास्तर खुर्चीत बसत, पण आता हसताना आवाज स्वतःच्याच कानांना परका वाटे. हसून झालं की ते कान टवकारत. मागचे लोक माझ्यामागून हसले, की माझ्याबरोबर? एकदा ह्या नादात दुसऱ्या अंकातला राखीव हशा चक्क हुकला, आणि तरीही लोक हसले. एकदा तो अगदी घड्याळासारखा ठोक्यावर पडला, आणि नाट्यगृह ढिम्म. "बाहेर" निघालं की ते शहराच्या दुसऱ्या टोकाला जात, बंदराच्या बाकावर बसत आणि जहाजांकडे बघत. संध्याकाळी करायचं काय असतं, हे त्या वयात त्यांना पहिल्यांदा शिकावं लागत होतं.

हंगाम संपल्यावर एका दुपारी पुतणी कपडेपटाच्या खोलीत आली. मास्तरांच्या बायकोचं राज्य ते. भिंतीभर टांगलेले झगे आणि गणवेश, मधोमध लांबलचक कटिंगचं टेबल. पोरीने काकूंकडे कोटाची मोठी बटणं मागितली. जितके प्रयोग तितकी बटणं, मास्तर आत होते त्या प्रयोगांसाठी काळी आणि बाहेर होते त्यांच्यासाठी पांढरी. प्रत्येक बटणावर तिने त्या संध्याकाळचे हशे खडूने लिहिले. काळ्यावर पांढऱ्या खडूने, पांढऱ्यावर निळ्या. मग टेबलावर ती आकड्यांप्रमाणे मांडली. कमी हशे डावीकडे, जास्त उजवीकडे, सारखे असतील ते एकावर एक.

मास्तर बघतच राहिले. बटणांची टेकडी झाली होती. मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरती. अगदी डावीकडे एकटं बटण होतं ते वादळ झालं त्या संध्याकाळचं, अगदी उजवीकडचं त्या संध्याकाळचं जेव्हा लंब्याची मिशी खरोखरच सूपमध्ये पडली. लंब्या म्हणजे फार्समधला मुख्य विनोदी नट, दारातून वाकून येणारा.

"असंच असतं," पुतणी म्हणाली. "बहुतेक संध्याकाळी मधल्या, मोजक्या फार वाईट, मोजक्या फार चांगल्या. ह्याला वितरण म्हणतात."

"आम्ही ह्याला नशीब म्हणतो," काकू म्हणाल्या.

"पण काळी कुठली अन् पांढरी कुठली हे वेगळं दिसतच नाही," मास्तर म्हणाले. दोन्ही टेकड्या एका पांघरुणात झोपलेल्या जोडप्यासारख्या एकमेकींवर पसरल्या होत्या.

"दिसतं थोडं. काळ्यांची सरासरी तीन हशांनी जास्त आहे."

मास्तर ताठ झाले. "तीन! मग झालं की! मी तीन हशे आणतो!"

"थांबा." तिने सगळी बटणं टोपीत ओतली, खळखळ हलवली आणि टोपी पुढे केली. "न बघता अर्धी काढा. रंग विसरा."

मास्तरांनी डोळे मिटून अर्धी काढली. तिने दोन्ही ढिगांच्या सरासऱ्या काढल्या. पाचाचा फरक आला.

"आता सांगा," ती म्हणाली, "ह्या ढिगातली बटणं कुठल्या खुर्चीत बसली होती? कोण हसलं होतं? कोणीच नाही. तरी पाच."

पुन्हा हलवलं, पुन्हा काढली. एकाचा फरक. पुन्हा, चाराचा, पण उलट्या बाजूने. काकूंनीही हात घालून बघितला, त्यांना दोन मिळाले. मास्तरांच्या कपाळाला घाम आला. त्यांचे तीन हशे टोपी नुसती हलवून पडत होते.

"तुमचा काही परिणाम नाही असं धरलं," ती हळू आवाजात म्हणाली, "तरी तीनाचा किंवा त्याहून मोठा फरक, ह्या बाजूला नाहीतर त्या बाजूला, दहातल्या चार वेळा नुसत्या योगायोगाने दिसेल. शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसणार असता तर मी शून्य फेकलं असतं. आम्ही रेघ तिथे आखलीय. आधीच आखलीय, बरं का, बटणं मोजून मग नाही."

"म्हणजे ह्यांचा उपयोग नाही," दारातून आवाज आला. जिना चढून आलेले मालक धापा टाकत उभे होते.

"असं मी म्हटलं नाही, काका."

"मग आहे?"

"तेही नाही म्हटलं."

"अगं पोरी, दिवा लागलाय की विझलाय एवढंच विचारतोय मी!"

"खोलीत डोकावायला माझ्याकडे फट बारीक आहे, काका. हे बघा." तिने खडूने टेबलावर रेघ ओढली. "मास्तरकाकांमुळे पडणारा खरा फरक आपल्याला माहीत नाही. बटणांवरून एवढंच म्हणता येतं की तो उणे चार ते अधिक दहा ह्यांच्या दरम्यान असावा. ह्याला विश्वास अंतराल म्हणतात."

मास्तरांनी रेघेवर बोट ठेवलं. "उणे चार हशे? हशा उणे कसा असेल? म्हणजे मी बसलो की आलेले चार हशे गिळतो की काय?"

"घरी गिळता तुम्ही," काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "माझ्या एका विनोदाला हसला असाल तर शपथ. म्हणे घरी कामाची सुट्टी असते."

पुतणीला हसू आवरेना. "तसंही असू शकतं. लोकांना कळत असेल, हा माणूस मुद्दाम हसतोय, आणि ते बिचकत असतील. किंवा उलट, तुम्ही दहा हशे आणत असाल. शून्यही ह्याच रेघेवर आहे, म्हणून मी ते फेकू शकत नाही."

"पण ह्या रेघेवर भरवसा किती?" मालकांनी विचारलं.

"पंचाण्णव टक्के."

"म्हणजे खरा आकडा ह्यात असण्याची शक्यता पंचाण्णव टक्के."

"नाही, तसं नाही. खरा आकडा एकच आहे, तो ह्या रेघेत आहे किंवा नाही. पण अशा चाचण्या आपण पुन्हा पुन्हा करत राहिलो, दरवेळी अशीच रेघ ओढली, तर शंभरातल्या पंचाण्णव रेघा खऱ्या आकड्याला पकडतील."

"आणि ही कुठली? पंचाण्णवातली की पाचातली?"

"ते कळत नाही."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. इतकी वर्षं त्यांनी फार्स पाहिले होते. चुकीच्या दारातून आत येणारे नवरे, कपाटात लपलेले जावई, जुळ्या बहिणी. पण असा घोळ एकाही लेखकाला सुचला नव्हता.

तेवढ्यात लंब्या आला, चौकटीला डोकं आपटलं, आणि सवयीने म्हणाला, "हशा आला का?" मग सगळ्यांचे चेहरे बघून टेबलाकडे वळला.

"काय निकाल लागला?"

"लागला नाही, हाच निकाल," मालक म्हणाले.

"असं कसं? आम्ही तर एवढा जीव ओतला!"

पुतणीने मान वर केली. "जीव ओतला म्हणजे?"

लंब्याला कळेना आपण काय बोललो. "म्हणजे... मास्तर नसायचे तेव्हा. मधल्या वाटेला उजेड पडतो ना, खुर्ची रिकामी दिसली की सगळे घाबरायचो. विंगेत एकमेकांना सांगायचो, आज मास्तर नाहीत, आज झोकून द्या, प्रयोग पडता कामा नये. मास्तर असले की काय, निम्मं ओझं त्यांच्यावर. आरामात."

काकूंनी सुई खाली ठेवली. "अरे मेल्या, ह्यांना वाचवायचं होतं तर ते नसताना प्रयोग पाडायचा होता!"

लंब्या हादरला. त्याने ह्या बाजूने विचारच केला नव्हता. "काकू, प्रयोग... मुद्दाम पाडायचा?" त्याने हे अशा सुरात विचारलं, जणू त्याला देवघरात थुंकायला सांगितलं होतं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे उगाचच भरून आले. ज्यांनी त्यांना बुडवलं होतं त्यांच्यावर त्यांना रागावताच येईना.

मालकांच्या मात्र डोळ्यांत चमक आली. "म्हणजे खुर्ची रिकामी असली की नट मेहनत करतात! मग रिकामीच ठेवू या की."

"काका, तेही सिद्ध झालेलं नाही!" पुतणी जवळजवळ ओरडली. "आणि रोजच रिकामी दिसली तर तिची भीती कोणाला वाटेल? चूक माझी आहे. मैत्रिणीपासून चिठ्ठी लपवली आणि नटांसमोर उघडी खुर्ची ठेवली. ही चाचणी मास्तरकाकांची झालीच नाही, मास्तरकाका आणि आळशी नट विरुद्ध रिकामी खुर्ची आणि घाबरलेले नट, अशी झाली."

"आळशी?" लंब्या म्हणाला.

"पुन्हा करावी लागेल. पुढचा हंगाम, जास्त प्रयोग. म्हणजे रेघही आखूड होईल. आणि 'बाहेर'च्या दिवशी त्या खुर्चीत दुसरं कोणीतरी हवं. मास्तरांचाच कोट, मास्तरांचीच टोपी, तेवढ्याच उंचीचं. नटांना फरक कळता कामा नये. आणि त्या माणसाने अजिबात हसायचं नाही."

मालकांनी रेघेकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं, कपाळाला हात लावला. "म्हणजे हे कळेपर्यंत मास्तरांना काढता येणार नाही."

"काढलं तर तपासणार कोणाला?"

"ठीक आहे, ठीक आहे. एक हंगाम. पण अख्खा फार्स बघून न हसणारा माणूस आणणार कुठून?"

"मी बसते," काकू म्हणाल्या.

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. "तू? अगं, इतकी वर्षं पडद्यामागे आहेस. समोरून एकही फार्स पाहिला नाहीस."

"म्हणून काय झालं? तुमच्याबरोबर संसार केलाय. हसू दाबायची सवय आहे मला."

नव्या हंगामाची पहिलीच चिठ्ठी "बाहेर" निघाली. मास्तरांनी स्वतःच्या हाताने बायकोला तपकिरी कोट चढवला, टोपीखाली केस सारले, कॉलर वर केली. त्या पुढच्या दाराने आत गेल्या. मास्तरांनी बंदराकडे जायला हवं होतं, पण आज आत बायको होती. ते इमारतीच्या मागे, सेट आत न्यायच्या दाराशी जाऊन उभे राहिले. तिथला म्हातारा दारवान स्टुलावर डुलक्या घेत होता.

भिंतीआडून नाटक ऐकायची ही त्यांची पहिलीच वेळ. शब्द कळत नव्हते, फक्त चाल कळत होती. पहिला अंक बेताचाच गेला. मास्तरांना समाधान वाटलं, आणि समाधान वाटल्याची लाज वाटली. आत जेवढी शांतता तेवढी त्यांची बाजू भक्कम, हे पोरीने नीट समजावलं होतं.

मग दुसरा अंक. ती जागा आली. लंब्या कपाटातून बाहेर येतो, आणि समोर त्याचीच सासू, ती जागा. मास्तरांची छाती आपोआप भरली. आत काहीच नाही. शांतता लांबत गेली. लंब्या तिथे एकटा उभा असणार, दिव्यांत, चेहऱ्यावर तो मूर्ख भाव धरून, आणि एकही माणूस हसत नसणार. मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं, कारण हशा नरड्यापर्यंत आला होता आणि भिंत काही फार जाड नव्हती. पोरीचं सगळं गणित त्या हातांत होतं. आपलं घर, आपली खुर्चीही. हे सगळं त्यांना कळत होतं, आणि तरी ते हातांच्या आड पुटपुटत होते, "हसा रे. हसा ना. पोरगं उभं आहे बिचारं."

आणि आत फुटला. उशिरा, पण असा जाडजूड, लोळत येणारा, एकाही जागी न शिवलेला हशा, की दाराची फळी थरथरली. दारवान दचकून जागा झाला. पाहतो तर हशामास्तर डोळे पुसत होते आणि दात काढून हसत होते, आणि मधेच आठवल्यासारखा चेहरा पाडत होते, आणि पुन्हा हसत होते.

"काय मास्तर," दारवान म्हणाला, "जिंकलात की हरलात?"

मास्तरांनी विचार केला. खूप केला. एका टोकाला उणे चार, दुसऱ्या टोकाला अधिक दहा, आणि मधे कुठेतरी ते स्वतः, कोट नसलेले.

"एका हशावरून सांगता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "अजून पुष्कळ प्रयोग बाकी आहेत." आणि पुढची जागा यायच्या आत ते पुन्हा भिंतीला कान लावून उभे राहिले.